कोंबडी एक, मांसं दोन

ब्रिया-साव्हारँ हा फ्रेंच न्यायाधीश खाण्याच्या बाबतीत भलताच दर्दी होता. १८२५ साली निघालेल्या आपल्या पुस्तकात त्यानं निवाडा देऊन टाकला, की बाकीचा स्वयंपाक शिकून येतो, मांस भाजण्याची हातोटी मात्र उपजत असावी लागते. त्याच्या काळापुरतं हे मान्य करता येईल. तेव्हा भाजणं म्हणजे धगधगत्या विस्तवासमोर सळईवर मांस फिरवत राहणं. जाळ किती, अंतर किती, थांबायचं कधी, हे सांगणारं एकही यंत्र हाताशी नव्हतं. इंग्लंडात तर सळई फिरवायला चाकात पळणारी आखूड पायांची कुत्री ठेवत. आज भाजणं म्हणजे आकडे लिहिलेल्या पेटीत कोंबडी ठेवून दार लावणं, इतकं सोपं झालं आहे. तरीही पहिल्यांदा अख्खी कोंबडी भाजणाऱ्याच्या पदरी बहुधा तेच पडतं: वरून करपलेली, छातीत भुशासारखी कोरडी आणि मांडीच्या सांध्यापाशी कच्ची. मग आपला हात बसलेला नाही किंवा मसाला कमी पडला अशी समजूत करून घेऊन माणूस पुन्हा करी कटकडे वळतो. माझ्या मते ही दोन्ही कारणं चुकीची आहेत. सगळा घोळ पाण्याचा आणि तापमानाचा असतो. या विषयावर आजवर ज्या परस्परविरोधी युक्त्या सांगितल्या गेल्या, त्या एकाच अडचणीभोवती फिरतात. ती अडचण कळली, की कुठली युक्ती घ्यायची आणि कुठली सोडायची हे नवख्यालाही ठरवता येतं.

रस्सा करणाऱ्याला एक मोठी सवलत मिळते, ती सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. साध्या पातेल्यात पाणी आहे तोवर आतलं तापमान शंभर अंशांच्या फारसं वर चढत नाही. गॅस मोठा ठेवा, गप्पांत दहा मिनिटं जास्त जाऊ द्या, रस्सा सांभाळून घेतो. मांस शिजलं का हे झाकण काढून, फोड दाबून केव्हाही पाहता येतं. नाहीच शिजलं तर वाटीभर गरम पाणी ओतायचं. आणि मांस थोडं चिवट किंवा कोरडं झालंच, तर वाटण त्यावर पांघरूण घालतं. आपल्याकडचं भाजणंसुद्धा बरंचसं असं ओलं असतं. रायगड जिल्ह्यातली हिवाळ्यातली पोपटी बघा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, मसाला लावलेली कोंबडी, सगळं गच्च भरून मडकं उपडं करतात आणि भोवती जाळ करतात. वरून पाण्याचा थेंब घालत नाहीत, पण पाला आणि शेंगा स्वतःचं पाणी सोडतात आणि कोंबडी त्या वाफेत शिजते. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतलं ‘रोस्ट’ही बरेचदा जड बुडाच्या भांड्यात, झाकणाखाली होतं. ओव्हनमध्ये ठेवलेल्या उघड्या कोंबडीला यातलं काहीच संरक्षण नसतं. भोवती दोनशे अंशांची कोरडी हवा, वर वाटण नाही, आणि आत काय चाललं आहे ते दिसत नाही. रश्श्यावर हात बसलेला माणूस इथं आपल्या सवयी घेऊन येतो आणि नेमक्या त्याच त्याला दगा देतात.

मूळ अडचण कोंबडीच्या अंगातच आहे. छातीचं मांस पांढरं, बारीक धाग्यांचं, त्यात चरबी जवळपास नाही. फार्मवरच्या पक्ष्याला उडायचं नसतं, तेव्हा त्या स्नायूंना काम नाही. मांडी आणि तंगडी दिवसभर शरीराचा भार पेलतात, म्हणून तिथलं मांस गडद, चरबीचं आणि सांधणाऱ्या चिवट पडद्यांनी भरलेलं. छातीचं मांस साधारण पासष्ट ते सत्तर अंशांना नेमकं होतं. त्यापुढे धागे आवळतात आणि पिळलेल्या फडक्यासारखं पाणी बाहेर टाकतात. मांडीतल्या चिवट पडद्यांचं मऊ जिलेटिन व्हायला मात्र पंचाहत्तर-ऐंशी अंश लागतात, शिवाय थोडा वेळही. म्हणजे एकाच पेटीत, एकाच वेळी ठेवलेल्या दोन मांसांना दहा अंशांचा फरक हवा असतो. त्यातून छाती वर, धगीच्या तोंडावर असते आणि मांडीची आतली बाजू अंगाला चिकटून आडोशाला. कातडीची मागणी आणखी तिसरीच. तिला खमंग तांबूस रंग यायला पृष्ठभाग दीडशेच्या आसपास जावा लागतो. फ्रेंच रसायनज्ञ लुई-कामीय मायार यानं १९१२ साली ज्या प्रक्रियेचं वर्णन केलं, तीच ही प्रक्रिया. जोवर कातडी ओली आहे, तोवर सगळी उष्णता ते पाणी उडवण्यात खर्च होते आणि कातडी शंभराच्या वर सरकत नाही. घराघरांत लेगपीससाठी भांडणं होतात आणि छातीचे तुकडे ताटाच्या कडेला उरतात, ते या आकड्यांमुळे. छाती मुळात बेचव नसते, आपण ती पंचाऐंशी-नव्वद अंशांपर्यंत नेऊन बेचव करतो.

आता जाणत्यांनी यावर काय काय केलं ते पाहू. १९६१ साली अमेरिकी गृहिणींना फ्रेंच स्वयंपाक शिकवायला निघालेल्या ज्युलिया चाइल्ड यांनी कोंबडी दोऱ्यानं बांधायला, लोणी चोळायला, कुशी बदलत ठेवायला आणि दर आठ-दहा मिनिटांनी वरून लोणी-तेल सोडायला सांगितलं. इटलीच्या मार्चेल्ला हाझान यांनी पोटात भोकं पाडलेली दोन लिंबं ठेवली, तूप-तेल वर्ज्य केलं आणि पहिला काही वेळ कोंबडी पालथी ठेवली. पालथी ठेवली की छाती धगीपासून लांब राहते, हे त्यातलं मर्म. लिंबाचं श्रेय लोक उगाच वाढवून सांगतात. कॅलिफोर्नियातले थॉमस केलर कोंबडी बांधतात, आतून-बाहेरून खडखडीत पुसतात, मीठ पेरतात आणि सुमारे दोनशे तीस अंशांच्या ओव्हनमध्ये ढकलून दार उघडतच नाहीत. सोडत राहिलेल्या तुपानं वाफ होते, ती त्यांना नको असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या झुनी कॅफेच्या जुडी रॉजर्स यांनी २००२ सालच्या पुस्तकात बांधण्याला फाटा दिला, लहान कोंबडी घेतली आणि एक ते तीन दिवस आधी मीठ लावून ठेवली. ब्रिटनचे हेस्टन ब्लुमेंथाल दुसऱ्या टोकाला गेले: नव्वद अंशांच्या मंद ओव्हनमध्ये कित्येक तास, मग विश्रांती, आणि रंगासाठी शेवटी दहा मिनिटं कडक आच. बांधा म्हणणारे आणि बांधू नका म्हणणारे, तूप सोडणारे आणि न सोडणारे, कडक आचवाले आणि मंद आचवाले, सगळ्यांची कोंबडी उत्तम होते. यावरून ‘ज्याची त्याची पद्धत’ असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, पण तो आळशीपणाचा ठरेल. प्रत्येकानं त्याच तीन गोष्टी कुठून तरी साधल्या आहेत: छातीला उशीर, मांडीला घाई, कातडीला कोरडेपणा. जे यांतलं काहीच साधत नाही, ते कितीही जुनं असलं तरी सोडून द्यावं. कडक आचेवर आधी लाल केलं की रस आत कोंडला जातो, ही १८४७ सालापासूनची युस्टुस फॉन लीबिग यांची समजूत त्यातलीच. लाल केलेलं मांसही रस सोडतं. चरचर आवाज येतो तो त्या सुटणाऱ्या पाण्याचाच.

नवख्यानं यातून रॉजर्सबाईंचा रस्ता धरावा असं मला वाटतं, कारण त्यात हाताच्या सफाईपेक्षा आधीची तयारी जास्त आहे आणि तयारी कुणालाही जमते. ती दुकानापासून सुरू होते. भाजायला कोवळा पक्षी लागतो. जुन्या युरोपात भाजलेली कोंबडी चैनीची मानली जाई, कारण अंडी देण्याच्या वयाआधीच पक्षी मारणं परवडायचं नाही. म्हातारी कोंबडी हंड्यातच जायची. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत झपाट्यानं वाढणाऱ्या मांसल जाती निपजल्या आणि हे गणित उलटं झालं. आपल्याकडे या उलथापालथीचं मोठं केंद्र पुणं होतं. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली ती इथंच. आज पाच-सहा आठवड्यांचा दोन किलोंच्या आसपासचा ब्रॉयलर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. गावरान कोंबडीचा अभिमान बाळगणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण भाजायला ब्रॉयलरच घ्यावा. गावरानची चव खरोखर जास्त असते, आणि तिचा चिवटपणाही. तो सुटायला तास-दीड तास ओल्यातच रटरटावं लागतं, कोरड्या आचेत ती वातड होते. दुकानात सांगायचं एवढंच: साफ केल्यावर सव्वा किलोच्या आत, अख्खी, कातडीसकट. शेवटचा शब्द दोनदा सांगावा. आपल्याकडे कातडी पिसांसकट एका झटक्यात ओरबाडून काढायची पद्धत आहे. ती दुकानदाराच्या सोयीची आहे, कारण गरम पाण्यात बुडवून पिसं उपटायला वेळ जातो. भाजणाऱ्याच्या दृष्टीनं मात्र कातडी हेच कोंबडीचं एकमेव झाकण. ती काढलेलीच मिळणार असेल, तर अट्टाहास सोडून तंदुरीची वाट धरावी: खोल चिरा, दही, आणि अख्ख्या कोंबडीऐवजी चार तुकडे. तंदूरवाल्यांनी कातडीवाचूनच्या कोंबडीचा प्रश्न त्यांच्या परीनं कधीच सोडवला आहे, फक्त त्यांच्याकडे घरच्या ओव्हनच्या दुप्पट धग असते आणि सळईवरच्या कोंबडीला ती चहूबाजूंनी लागते.

मसाल्याचा आक्षेप इथंच येतो. नुसत्या मिठाची कोंबडी फिकी नाही लागणार? आलं-लसूण, तिखट, गरम मसाला रात्रभर मुरवला तरच आतपर्यंत चव जाते, असं आपण धरून चालतो. पण मसाल्याची चव देणारे बहुतेक घटक मांसात वरच्या काही मिलिमीटरच्या पलीकडे जात नाहीत. आतपर्यंत पोचतं ते मीठ. मीठ लावल्यावर तासाभरात कोंबडीला पाणी सुटतं, ते पाहून लोक घाबरतात आणि पुसून काढतात. ते राहू द्यावं. त्याच पाण्यात मीठ विरघळतं, हळूहळू परत आत मुरतं, आणि मांसातली काही प्रथिनं सैल करून ठेवतं. अशी सैल झालेली मांसाची वीण तापल्यावर कमी आवळते आणि पाणी धरून राहते. म्हणजे आधी लावलेलं मीठ चवीबरोबर थोडा विमाही उतरवतं: पाच अंश चुकले तरी छाती अगदीच भुसा होत नाही. सव्वा किलोच्या कोंबडीला बारा ते पंधरा ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे दोन-अडीच सपाट चमचे पुरतात. निम्म्याहून जास्त छाती-मांडीवर, थोडं पोटात. उलट आलं-लसणाचं ओलं वाटण कातडीवर थापलं तर दोन तोटे एकदम: कातडी वाळत नाही, आणि दोनशे वीस अंशांना लसूण करपून कडू होतो. तरी मसाला हवाच असेल, तर छातीवरच्या कातडीखाली बोट सरकवून जागा करावी आणि लोण्यात कालवलेला मसाला आत भरावा. तिथं तो जळत नाही. मात्र तेवढ्या जागी कातडी थोडी मऊच राहील, हे मान्य करून भरावा. पोट खिम्यानं किंवा अंड्यांनी भरण्याचा मोह पहिल्या वेळी तरी आवरलेला बरा. भरलेलं सारण सुरक्षित तापमानाला पोचेपर्यंत छातीचं वाटोळं झालेलं असतं.

धुण्यावरून घरात वाद होईल, आणि तो हलका नाही. मांस चार पाण्यांनी धुतल्याशिवाय चुलीवर न ठेवणं हा आपल्याकडे स्वच्छतेचाच नव्हे, सोवळ्या-ओवळ्याच्या वळणाचाही भाग आहे. ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीनं २०१४ साली कच्ची कोंबडी धुऊ नका असं जाहीरपणे बजावलं. कारण साधं आहे: नळाच्या धारेनं कॅम्पायलोबॅक्टर, साल्मोनेला यांसारखे जंतू मरत नाहीत, पण त्यांचे शिंतोडे ओटा, चाकू, बाजूला ठेवलेली काकडी यांवर उडतात. यावर ‘तिकडची कोंबडी कारखान्यातून धुऊन-बांधून येते, आपल्या दुकानातली तशी नसते’ हा प्रतिवाद मला निम्मा पटतो. पिसाचा तुकडा, रक्ताची गुठळी, फुप्फुसाचा उरलेला लालसर लगदा हे काढायलाच हवं. ते पातेल्यातल्या पाण्यात, धार न सोडता, एकदा करावं आणि पाणी हलक्या हातानं ओतून सिंक साबणानं धुवावं. बारीक लव राहिली असेल तर गॅसच्या ज्योतीवरून कोंबडी फिरवावी. गावाकडे पिसं काढल्यावर जाळावर धरतात ते काही उगाच नाही. त्यानंतर मात्र जुन्या सुती पंच्यानं किंवा कागदी रुमालानं कोंबडी पुसायची ती पंखांच्या खाचांत, मांडीच्या वळणात, पोटात, कागद कोरडा निघेपर्यंत. मग मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये, उघडी. घरात शाकाहारी माणूस असेल तर इथं दुसरं भांडण उभं राहील. तोडगा म्हणून सगळ्यात खालचा कप्पा आणि खोल परात, म्हणजे काही ठिबकलं तरी कोथिंबिरीवर पडत नाही. तेही चालणार नसेल, तर तासभर आधी मीठ लावून भाजण्याआधी पुन्हा पुसावं. परिणाम थोडा उणा, पण कामापुरता.

ओटीजीच्या, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनच्या, बटणावरचा आकडा हा अंदाज असतो. छोट्या पेटीत वरची सळई कोंबडीच्या छातीपासून चार बोटांवर असते, आणि तिच्या धगीचा त्या आकड्याशी संबंध नसतो. म्हणून जाळी खालच्या खाचेत, कोंबडी पेटीच्या मध्यावर, दोनशे वीसला पंधरा मिनिटं आधी तापवलेलं ओव्हन. छाती फार लवकर लाल होऊ लागली तर तिच्यावरच फॉइलचा तुकडा. सव्वा किलोच्या कोंबडीला पन्नास मिनिटं ते तास लागतो, पण घड्याळावर विसंबू नये. मांसात खुपसायचा थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो, आणि या सगळ्या खटाटोपात एकच वस्तू विकत घ्यायची झाली तर ती हीच. आजी कुठे थर्मामीटर लावायची, असं कुणी म्हणेल. आजी रस्सा करायची, आणि झाकण काढून बघायची. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, टोक खुपसल्यावर पंचाहत्तरच्या वर आकडा दिसला आणि छातीत सत्तर-एकाहत्तर, की बाहेर काढावी. अमेरिकेच्या कृषिखात्याची घरगुती शिफारस चौऱ्याहत्तर अंशांची आहे, कारण त्या आकड्याला साल्मोनेला जवळपास तत्क्षणी मरतो. तोच परिणाम सहासष्ट अंशांना काही मिनिटांत आणि साठ अंशांना अर्ध्या तासाच्या आसपास मिळतो, हे त्याच खात्याच्या तक्त्यांवरून कळतं. बाहेर काढल्यावरही आतलं तापमान तीन-चार अंश चढतं, तेव्हा छातीचा हिशेब चौऱ्याहत्तरला जुळतो. पुन्हा मोजून खात्री करावी, कमी भरलं तर परत आत ठेवावी. हाडाजवळ लाली दिसली म्हणून मात्र घाबरू नये. कोवळ्या पक्ष्याचं हाड सच्छिद्र असतं, आतल्या मज्जेचा रंग आजूबाजूच्या मांसात उतरतो. उलट वरून पांढरं दिसणारं मांस कच्चं असू शकतं. रंग हा साक्षीदार म्हणून कच्चाच. पंधरा मिनिटं कोंबडी ताटात तशीच ठेवावी, झाकू नये. झाकली की वाफेनं कातडी पुन्हा ओली, आणि रात्रभराची मेहनत पाण्यात.

सगळ्यात वजनदार आक्षेप शेवटी घेतो: छाती आणि मांडीला वेगवेगळी आच हवी असेल, तर त्यांना वेगळं करूनच का भाजू नये? तर्काला उत्तर नाही. तुकडे करून भाजणं जास्त बिनचूक आहे. पाठीचा कणा कात्रीनं काढून कोंबडी पुस्तकासारखी उघडून चपटी केली, तरी निम्मा प्रश्न सुटतो. मांड्या धगीकडे येतात आणि वेळही वाचतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तसं जरूर करून पाहावं. पण अख्ख्या कोंबडीत हाडं आणि कातडी मांसाला चहूकडून वेढून असतात, आणि खाली ठेवलेल्या ट्रेमध्ये जी चरबी आणि जो दाट तांबूस रस उतरतो, तो चार तुकड्यांखाली तेवढा जमत नाही. त्यात बटाट्याच्या फोडी ठेवल्या तर कोंबडीपेक्षा आधी त्या संपतात. उरलेला सांगाडा दोन तास मंद उकळला की दुसऱ्या दिवशीच्या रश्श्याचं पाणी तयार, म्हणजे पातेल्याशी वैर धरायचं कारणच नाही. आणि कापताना पाहायला मिळणारी कोंबडी निराळीच. तंगडी धरून बाहेरच्या बाजूला वाकवली की कातडी ताणली जाते, सुरीचं टोक लावताच फाटते, आणि खाली सांध्याची पांढरी वाटी दिसते. सुरी तिच्यातून जोर न लावता जाते. जोर लावावा लागला तर सुरी हाडावर आहे, दोन रेषा बाजूला सरकवावी. मांडी सुटली की कोंबडी पालथी करून पाठीकडे पाहावं. कण्याच्या दोन्ही बाजूंना, मांडीच्या मुळाशी, हाडाच्या खोलगट वाटीत अंगठ्याएवढा एकेक गोळा बसलेला असतो, गडद, आणि सबंध पक्ष्यात सगळ्यात रसाळ. फ्रेंचांनी त्याला दिलेल्या नावाचा अर्थ ‘मूर्ख तो तिथंच सोडतो’ असा होतो. करी कटचा कोयता या गोळ्यांच्या मधोमध पडतो, म्हणून आपल्या भाषेत त्यांना नावच पडलेलं नाही.